वाक्याचं कुलूप

मुक्ता अडीच वर्षांची आहे आणि तिचे अकरा हजार चारशे फोटो आहेत. हिशेब केला तर दिवसाला बारा-तेरा पडतात. ते सगळे कॉम्प्युटरवरच्या एका खात्यात, तारीखवार, सुखाने नांदत होते. मग एका मंगळवारी दुपारी कॉम्प्युटरने मला अचानक ओळख दाखवायची बंद केली आणि पासवर्ड विचारला.

दोन वर्षांत त्याने कधी विचारला नव्हता. माझ्या माहेरच्या एक मावशी अशाच आहेत. वर्षानुवर्षं गळ्यात पडतील आणि एखाद्या लग्नात एकदम विचारतील, "तू कोण गं?"

आमच्या घरचे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलेले होते. तिथेच दूधवाल्याचा नंबर होता आणि मिक्सर कधी घेतला ती तारीख होती. मी दार उघडलं. मुक्ताने तिथे जांभळ्या खडूने एक हत्ती काढला होता. निदान तो हत्ती असावा. आमच्या घरातले सगळे पासवर्ड त्याच्या पोटात गेले होते.

मी आठवून आठवून पाच वेळा चुकीचा पासवर्ड घातला. खातं अठ्ठेचाळीस तासांसाठी बंद झालं.

ते दोन दिवस मी कसे काढले ते कुणाला सांगितलं तर हसतील. मुक्ता समोर बसून वरणभात खात होती आणि मी तिचा पहिला महिना आठवायचा प्रयत्न करत होते. आठवेना. तिची पहिली अंघोळ आठवायला गेले तर फक्त टबचा रंग आठवला, तोही फोटोतला. मी सगळं त्या खात्यात ठेवायला दिलं होतं आणि स्वतःजवळ काहीच ठेवलं नव्हतं. मुक्ता म्हणाली, "आई, तू कुठे बघते?" मी म्हटलं, "तुझ्याकडेच." ते खरंही होतं आणि खोटंही.

अठ्ठेचाळीस तासांनी खात्याने दया दाखवून सांगितलं, की नोंदवलेल्या फोनवर ओटीपी पाठवतो. नोंदवलेला फोन ज्ञानेशचा. ज्ञानेश, म्हणजे माझा नवरा, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथे शिफ्टला आत जाताना फोन गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं आणि ज्ञानेशची शिफ्ट आठ तासांची. सरतेशेवटी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो गेटवर उभा राहिला, सुरक्षारक्षकाने 'कशासाठी' या रकान्यात 'मुलीचे फोटो' असं लिहून घेतलं आणि आमची सुटका झाली. फोटो परत आले. मी कॉम्प्युटरच्या टेबलाला हात लावून ठरवलं, की आता हे असं चालायचं नाही. पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्यायचं. सगळे पासवर्ड आत आणि त्याला एकच मोठा पासवर्ड.

मी एम.कॉम. झालेली बाई आहे. मुक्तासाठी पाण्याची बाटली घेताना मी तीन आठवडे माहिती वाचली होती, त्यामुळे ॲपची निवडही मी रीतसर सुरू केली. तीन ॲप शेवटच्या फेरीत आली. एकावर निळी किल्ली होती, एकावर हिरवी ढाल. तिसऱ्यावर काहीच नव्हतं, नुसतं काळं गोल. ते आपली तिजोरी आपल्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं, बाहेर कुठे पाठवायचं नाही.

माझी चूक एवढीच झाली, की मी हा विषय लिफ्टमध्ये काढला.

"वहिनी, डोळे झाकून काळं गोल घ्या," सहाव्या मजल्यावरचा प्रीतम म्हणाला. तो हिंजवडीला सायबर सुरक्षेत आहे आणि सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड दर अमावास्येला बदलतो. "पण कॉम्प्युटर बिघडला तर गेलं सगळं. मग म्हणू नका."

"मग निळी किल्ली घेऊ का?"

"घ्या ना. फक्त त्यांचा सर्व्हर कुठल्या देशात आहे ते बघा."

समोरच्या फ्लॅटमधल्या विजयश्रीताईंनी दार किलकिलं ठेवून हे ऐकलं होतं. "मिनल, फुकटवालं अजिबात घेऊ नकोस हं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या बहिणीने फुकटचं फोटो सजवायचं ॲप घेतलं होतं. तेव्हापासून तिला रोज गुडघेदुखीच्या जाहिराती येतात."

"त्यांचे गुडघे दुखतात का?"

"आता दुखायला लागलेत!"

तळमजल्यावरच्या यशोदाबाईंना सगळे आक्का म्हणतात. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांची वांगी होती. त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुठल्याही प्रश्नावर पहिलं मत त्यांचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी समद्या किल्ल्या येका पेटीत आन् त्या पेटीची येक किल्ली?"

"हो, आक्का."

"आन् ती हरावली तर?"

सहा दिवस मी जगभरातल्या तज्ज्ञांचे व्हिडिओ बघत होते. त्यांच्यापैकी एकानेही मला एवढं घाबरवलं नव्हतं.

ज्ञानेशचं मत होतं, "डायरी घे."

मी हिरवी ढाल घेतली. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. तिच्या पहिल्या पानावर एक बंद दार होतं आणि दाराखालून थोडासा उजेड येत होता. मला ते चित्र आवडलं. लोक सूनसुद्धा याहून जास्त विचार करून पसंत करत नाहीत.

ढालीने मोठा पासवर्ड मागितला. प्रीतमने मला दोन अटी सांगितल्या होत्या आणि मी त्या लिहून ठेवल्या होत्या. एक, पूर्ण वाक्य घ्या, झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असं. दोन, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसावं. दुसरी अट मी अधोरेखित केली होती. मी अधोरेखित केलेल्या गोष्टी नंतर निवांत वाचायच्या म्हणून ठेवते. आणि खाली लाल अक्षरात ढालीची स्वतःची सूचना होती, की हे वाक्य विसरलात तर आम्हीसुद्धा तुमची मदत करू शकणार नाही.

मी लिहिलं, 'मुक्ताला भेंडी आवडत नाही पण भेंडीचं चित्र आवडतं.' ढाल खूश झाली. तिने एक आणीबाणीचा कागद तयार करून दिला. त्यावर खात्याचं नाव आणि ते वाक्य छापलेलं होतं. वर सूचना होती, की कागद छापा, सुरक्षित जागी ठेवा, कोणालाही दाखवू नका.

आमच्याकडे प्रिंटर नाही. पुनावळ्यात कुणाकडेच नसावा, कारण गावठाणातल्या ज्योतीरामच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे कायम सहा माणसं उभी असतात. तिथली पद्धत अशी, की व्हॉट्सॲपवर फाइल पाठवायची आणि आपली पाळी येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. मी फाइल पाठवली. मुक्ताला कडेवर घेऊन उन्हात उभी राहिले. हे करताना माझ्या मनात शंकेची एक पालसुद्धा चुकचुकली नाही. तिथे मी जन्मदाखला छापला होता, लसीकरणाचं कार्ड छापलं होतं, भाडेकरार छापला होता. हात आपोआप चालत होते.

"ते 'कोणालाही दाखवू नका'वालं कुणाचं?" ज्योतीराम कागद उंच धरून ओरडला.

सहाही माणसांनी कागदाकडे पाहिलं.

"माझं," मी म्हणाले.

"कलर काढलंय, मॅडम. ढाल चांगली आलीय." मग तो मुक्ताकडे बघून हसला. "भेंडी नाही आवडत का? आमच्या पोरालापण नाही आवडत. चिंच घालून देत जा."

मी त्याला हळूच फाइल डिलीट करायला सांगितलं. त्याने मोठ्या मनाने फोन माझ्या हातात दिला. त्यात गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं, चार मृत्युपत्रं आणि कुणाच्या तरी एक्स-रेचा फोटो होता. माझी भेंडी सापडेपर्यंत मला पुनावळ्याचा बराचसा इतिहास कळला.

घरी येऊन मी भेंडीचं खातं मोडलं. दुसरं उघडलं. या वेळी कागद छापायचा नाही, असा निश्चय केला. वाक्य असं पाहिजे, की कागद लागूच नये. झोपेतून उठवलं तरी... मी की-बोर्डवर हात ठेवले आणि बोटं आपोआप चालू लागली. शेवटचं अक्षर पडल्यावर मी बघितलं. मी माझा उखाणा लिहिला होता.

आता उखाणे बायकांना पन्नास-पन्नास येतात. मला एकच येतो. लग्नात घेतला, गृहप्रवेशाला घेतला, मुक्ताच्या बारशाला घेतला. चार वर्षं सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात मी तोच घेत आले आहे. ते वाक्य मला आठवावंसुद्धा लागलं नाही. ढालीने 'अत्यंत मजबूत' असा शेरा दिला. मला एम.कॉम.च्या निकालानंतर पहिल्यांदाच कुणी असा शेरा दिला होता.

त्यानंतरच्या दुपारी फार सुंदर गेल्या. मुक्ता झोपली, की मी कॉम्प्युटरपाशी बसायचे आणि एकेक पासवर्ड आत नेऊन ठेवायचे. फोटोंचं खातं पहिलं. मग गॅस, वीज, पीएफ, तिकिटं. पंखा फिरत असायचा, पडदा हलत असायचा, हायवेचा आवाज लांबून समुद्रासारखा यायचा. मला वाटायचं, मी एका रिकाम्या गार खोलीत वस्तू लावते आहे. त्या खोलीत कुणी 'आई' म्हणून येत नव्हतं. कुणी 'मिनल, माझे मोजे?' विचारत नव्हतं. आमच्या घरात बाथरूमचं दार लावलं तरी मुक्ता बाहेर बसून रडते, इतकं ते घर सार्वजनिक आहे. आणि त्यात माझी एक खोली होती, जिला दार होतं. कधी कधी ठेवायला काही नसलं तरी मी नुसती आत जाऊन यायचे.

मग संक्रांत आली.

आक्कांचं हळदीकुंकू म्हणजे बिल्डिंगमधलं पहिलं. हॉलभर बायका, तिळगूळ, वाण म्हणून निळ्या झाकणाच्या बरण्या. एकेकीचा उखाणा चालला होता. मी मुक्ताला तिळाची वडी फोडून देत होते. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "मिनल, तुजा त्यो गाडीचा व्हऊ दे की. लई ग्वाड हाय."

त्या क्षणी, हातात अर्धी वडी धरलेली असताना, मला ती अधोरेखित अट आठवली.

मी हॉलभर नजर फिरवली. सत्तावीस बायका होत्या आणि सत्तावीस जणींना माझ्या तिजोरीचं वाक्य तोंडपाठ होतं. ढालीने म्हटलं होतं अत्यंत मजबूत.

"आज नको, आक्का," मी म्हटलं.

"नको कशाला? लाजतीस व्हय आता, पोर झाल्यावर?"

"मला... मला आठवत नाही."

"गाडीचा उखाणा आठवत नाही?" विजयश्रीताई म्हणाल्या. "आमच्या घरकामाच्या बाईला येतो तो! हे बघ, माझ्या फोनवर एक्कावन्न आहेत, यातला घे."

मी फोनकडे बघितलं, पण अक्षरं दिसेनात. डोळ्यांसमोर एकच वाक्य. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल अशी खात्री. विजयश्रीताईंच्या शेजारी प्रीतमची बायको बसली होती, आणि प्रीतमच्या घरात असल्या गोष्टींची जेवताना चर्चा होते.

"ऱ्हाऊ दे, मी सुरवात करती," आक्का प्रेमाने म्हणाल्या आणि त्यांनी गळा साफ केला. "धुक्यातनं आली..."

"आक्का, नको!" मी ओरडले. वडी खाली पडली. "नका घेऊ त्यांचं नाव! माझ्यासमोर नका घेऊ!"

एकीच्या हातातल्या बरणीचं झाकण अर्धं फिरून तसंच राहिलं.

हे मी काय बोलले ते मला घरी आल्यावर कळलं. तोपर्यंत ते सातव्या मजल्यापर्यंत पोचलं होतं.

संध्याकाळी विजयश्रीताई वाटीभर गुळाची पोळी घेऊन आल्या. पोळी वाटीत बसत नव्हती, तरी वाटीत आणली होती, म्हणजे परत द्यायला मला त्यांच्याकडे जावं लागेल. "मन मोकळं कर," त्या म्हणाल्या. "पहिल्या मुलानंतर होतं असं. माझे हे सहा महिने माझ्याशी फक्त लाइटबिलाबद्दल बोलायचे."

"तसं काही नाही हो, ताई."

"नाही, नाही. सांगू नकोस. मी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश घरी आला. विजयश्रीताईंचे यजमान त्याच्याच कंपनीच्या बसने जातात. "आज बसमध्ये मला खिडकीची जागा दिली," तो बूट काढत म्हणाला. "बसलेल्या माणसाने उठून बसवलं मला. म्हणाला, भावा, काही असलं तर सांग. मन हलकं होतं."

मी भाजी ढवळत राहिले.

"मिनल, तू उखाणा घेतला नाहीस?"

"नाही."

"का?"

आता इथे माझी अडचण वाचकांनी नीट समजून घ्यावी. का घेतला नाही हे सांगणं म्हणजे पासवर्ड सांगणंच. तो उखाणा ज्ञानेशच्या नावाचा आणि त्याने तो जितक्या वेळा ऐकलाय तितक्या वेळा कुणीच ऐकला नाही. कारण सांगितलं, की खोलीची किल्ली हातात. आणि त्यात काय बिघडलं, नवराच तो, हेही खरं. फोटो तर त्याच्याच मुलीचे. पण ती एकच खोली होती हो. ती उघडी पडली असती, तर मी तिथे काय लपवलं होतं म्हणून नव्हे, काहीच लपवलं नव्हतं म्हणून मला रडू आलं असतं.

"कारण सांगता येत नाही," मी म्हणाले.

"बरं," ज्ञानेश म्हणाला. मग तो उठला, पान्हा घेतला आणि स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत बसला. नळ गळत नव्हता.

पासवर्ड बदलायचा ना, बाई, असं तुम्ही म्हणाल. मी बदलायलाच बसले. ढालीने पहिल्याच पायरीवर नवं वाक्य मागितलं. झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असं, आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल असं. या वेळी मी दुसरी अट आधी वाचली. आणि लक्षात आलं, की माझ्याकडे असं वाक्यच नाही.

मुक्ताची गाणी तिच्या प्ले-ग्रुपला माहीत. तिच्या लसींच्या तारखा दवाखान्याला माहीत. ज्ञानेशला कांदा बारीक चिरलेला लागतो, हे मला सासूबाईंनी सांगितलेलं. शाळेतल्या कविता सगळ्या राज्याला माहीत. माझ्या डोक्यात इतकी गर्दी होती आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी आणून ठेवलेलं होतं. पहिलं घालून पाहिलं, पुसलं. दुसरं घातलं, ते वाक्य मला नंतर आठवलंच नसतं म्हणून पुसलं. तीन दिवस मी एक वाक्य शोधत घरभर फिरले. एकदा तर मी मुक्ताला विचारलं, "मुक्ता, आईचं असं काय आहे?" ती विचार करून म्हणाली, "मुक्ता."

आणि रविवारी रथसप्तमी होती. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस आणि या वर्षी तो माझा. सगळ्याजणी माझ्याच घरी, त्या कॉम्प्युटरपासून चार पावलांवर येऊन बसणार होत्या. उखाणा न घ्यावा तर संसार मोडल्याची खात्री. घ्यावा तर तिजोरीचं वाक्य तिजोरीशेजारीच जाहीर म्हणायचं.

शुक्रवारी सासूबाई आल्या. केजहून एसटीने, ज्वारीचं पीठ आणि करडईचं तेल घेऊन, न कळवता. आक्कांकडे त्यांचा नंबर बारशापासून आहे.

"आई, तुम्ही अचानक?"

"का, येऊ नव्हं?" त्यांनी पिशवी टेकवली. "म्या काई इचारायला आले न्हाई. बघायला आले."

आणि त्या बघत राहिल्या. मी चहा दिला की बघायच्या, ज्ञानेशने कप उचलला की बघायच्या. आम्ही दोघं इतके सावधपणे गोड बोलू लागलो, की कुणालाही संशय यावा. एरवी मी त्याला 'अरे' म्हणते, सासूबाईंसमोर 'अहो'. त्या दिवशी गोंधळात "अहो अरे, पोळी वाढू का?" असं म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली. जे बघायचं होतं ते बहुधा त्यांना दिसलं.

शनिवारी दुपारी मुक्ता माझ्या दंडावर झोपली. हात बधिर झाला होता, पण काढला असता तर ती उठली असती. पंखा फिरत होता. मी वाक्य शोधणं सोडून दिलं होतं. डोळे मिटत होते, उघडत होते, आणि मधल्या त्या पातळ जागेत मला माझ्या माहेरचं, तळेगावचं तळं दिसलं.

मी एकोणीस वर्षांची. कॉलेजमधून येताना एकटीच तळ्याच्या काठाला उतरलेली. हिवाळ्यातली दुपार, पाण्यावर ऊन, आणि पाण्यात फक्त डोकं बाहेर ठेवून बसलेली एक म्हैस. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आणि मी त्या म्हशीला, मोठ्याने, स्पष्ट आवाजात, एक वाक्य बोलले होते. का, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. म्हशीने कान हलवला होता. मी घरी आले होते, जेवले होते, आणि ते वाक्य आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, ज्ञानेशला नाही. ते शब्दन् शब्द तसंच होतं. साक्षीदार एकच, आणि तीही आता हयात नसावी.

मी हात हळूच काढून घेतला. मुक्ता उठली नाही. हाताला मुंग्या आलेल्या, त्यामुळे की-बोर्डवर डाव्या हाताची बोटं नुसती गुदगुल्या करत होती. जुनं वाक्य घातलं, नवं घातलं, पुन्हा नवं घातलं. ढालीवर एक बारीक चक्र फिरलं. तेवढ्या वेळात मी दोनदा देवाचं नाव घेतलं आणि एकदा म्हशीचं. मग दार उघडलं. फोटो जागच्या जागी होते. पहिली अंघोळ, टबसकट.

रविवारी बायका आल्या. मी हिरवी साडी नेसले होते आणि उखाणा जिभेच्या टोकावर तयार होता. हळद लावली, कुंकू लावलं, वाण दिलं. एकेकीचा उखाणा झाला. माझी पाळी आली आणि आक्का म्हणाल्या, "आता च्या घ्या समद्या."

मला कुणी आग्रहच केला नाही! सगळ्याजणींनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की पोरीला दुखवायचं नाही. विजयश्रीताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मला नाव घ्यायचंय," मी म्हणाले.

"नको गं," विजयश्रीताई कुजबुजल्या. "बळजबरी नाही. आम्ही समजू शकतो."

"पण मला घ्यायचंय!"

"घेऊ दे तिला," भिंतीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची मुक्ता घट्ट धरली होती.

मी उभी राहिले. पदर सावरला आणि सुरुवात केली.

"धुक्यातून आली तळेगावची गाडी,
ज्ञानेशरावांचं नाव घेते, नेसून हिरवी साडी!"

काय गलका झाला म्हणून सांगू. आक्कांनी माझी अलाबला घेतली आणि कडाकडा बोटं मोडली. "मिटलं बाई येकदाचं!" त्या म्हणाल्या. काय मिटलं ते मी विचारलं नाही. विजयश्रीताईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जराशी निराशाही. बेडरूममध्ये कोंडून घेतलेल्या ज्ञानेशने दाराच्या फटीतून डोकं काढलं, तर सगळ्यांनी त्यालाही नाव घ्यायला लावलं. त्याने 'मिनल' एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं.

बायका गेल्यावर मी वाट्या गोळा करत होते. सासूबाई पाटावरची रांगोळी पुसत होत्या. ज्ञानेश चटई गुंडाळत म्हणाला, "बदललास वाटतं."

"काय?"

"पासवर्ड."

माझ्या हातातल्या वाट्या वाजल्या. "तुला कधी कळलं?"

"बसमध्ये. खिडकीत बसायला मिळालं, की माणूस विचार करतो. बायको एकाएकी उखाणा घेईना, कारण सांगेना. आणि रोज कॉम्प्युटर उघडताना तुझे ओठ हलतात. गाडी, साडी."

म्हणजे मी जगावर लक्ष ठेवत होते आणि हा शांतपणे माझ्यावर. "उघडून बघितलंस?"

"नाही."

"का?"

"आमच्याकडे मशीन दुरुस्तीला बंद केलं, की ज्याचं काम तो स्वतःचं कुलूप लावतो त्याला. किल्ली त्याच्या खिशात. प्लांट हेड आला तरी ते कुलूप दुसरं कुणी काढत नाही. लावणारा येऊन काढेल तेव्हाच." त्याने चटई कपाटामागे ढकलली. "तू काम करत होतीस ना आत."

"मग बसमध्ये सांगायचं ना सगळ्यांना, की भांडण नाही म्हणून! एवढे दिवस खिडकीत बसून दया खाल्लीस!"

"काय सांगणार?" ज्ञानेश म्हणाला. "बायकोचा पासवर्ड?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने लगेच नळाकडे बघितलं. मुक्ता मधे येऊन "आई, ओठ हलव" म्हणाली, तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

सासूबाईंचं रांगोळी पुसणं केव्हाच थांबलं होतं.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "आत कुणालाच जाता येत न्हाई? ह्यालाबी?"

"नाही, आई."

"मलाबी?"

"नाही."

त्यांनी हात पदराला पुसले, कमरेचा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "मला एक उघडून दे."

"तुम्हाला? आई, पण तुमचे पासवर्ड तर हेच ठेवतात. आत ठेवणार काय तुम्ही?"

"ते बघीन म्या. आदी दार तर होऊ दे."

मी त्यांच्या फोनवर ढाल घेतली, अक्षरं मोठी केली, मराठी की-बोर्ड लावला आणि वाक्याच्या रकान्यापर्यंत आणून दिलं. दोन्ही अटी सांगितल्या, दुसरी आधी. त्या फोन घेऊन बेडरूममध्ये गेल्या, पलंगावर बसल्या, चष्मा लावला. मी शेजारी उभीच होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आता जा की. दार लोट."

मी बाहेर आले. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक बारीक टकटक, एका बोटाची. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. ज्ञानेश पाणी प्यायचं निमित्त करून दोनदा दारावरून गेला. मुक्ताने फटीला कान लावला. वीस मिनिटं झाली. मी चहा टाकला, तो गार झाला.

तेवढ्यात आक्का त्यांचं राहिलेलं ताट न्यायला आल्या आणि बंद दाराकडे बघून थबकल्या.

"आत कोन हाय? काय चाललंय?"

"आई आहेत," मी म्हणाले. "काय चाललंय ते माहीत नाही."

आणि खरंच माहीत नव्हतं. आतून हसल्यासारखा आवाज आला. मी मुक्ताला कडेवर उचललं, आक्कांचं ताट त्यांच्या हातात दिलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले.